धान काडी सोडतं तेव्हा

भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या उथळ काठाला देवधान उगवतं. हे जंगली भात. त्याचा दाणा पिकला की आपसूक गळतो आणि चिखलात पडून पुढच्या पावसाची वाट पाहतो. शेजारच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान मात्र पिकून पिवळं झालं, लोंबी वाकून जमिनीकडे झुकली, तरी एकेक दाणा धरून उभं असतं. एवढा फरक कशामुळे? २००६ साली संशोधकांनी त्याचं एक मोठं कारण दाखवून दिलं. भाताच्या ‘एसएच-४’ या जनुकातल्या एका छोट्याशा बदलाने त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातलं फक्त एक अमिनो आम्ल बदलतं, आणि तेवढ्यानेच दाण्याचा देठाशी असलेला सांधा घट्ट राहतो. हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांना जनुकं ठाऊक नव्हती. न गळणाऱ्या लोंब्यांचं धान त्यांच्या हाती आलं, त्यांनी तेच पुन्हा पुन्हा पेरलं आणि भात माणसाचं झालं.

पण जो दाणा आपण होऊन सुटत नाही, तो सोडवावा लागतो. मळणीचा सगळा इतिहास या एका अडचणीतून निघाला आहे.

भंडाऱ्यात हलकं धान ऑक्टोबरात कापणीला येतं, भारी धान त्यानंतर. विळ्याने कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच वाळतात, मग भारे बांधून त्यांचं पुंजणं रचलं जातं. पूर्वी खळ्यात बैल गोल फिरवून धान चुरत. पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टरची चाकं आली, पायाने चालवायचे ड्रम आले आणि त्यामागोमाग पट्ट्यावर धडधडणारं मळणी यंत्र. आता चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे हार्वेस्टरही बांधीत उतरतात. तरीही मळणीचं विज्ञान डोळ्यांनी पाहायचं असेल, तर जुन्या मळणी यंत्रासारखा शिक्षक नाही. त्याची पुली, पट्टा, पंखा, चाळणी सगळं बाहेरून दिसतं.

पायाच्या ड्रमपासून सुरुवात करू. हा जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. लाकडी पट्ट्यांच्या ड्रमवर जाड तारेची उलट्या ‘व्ही’सारखी वळणं ठोकलेली असतात. माणूस पायाने ड्रम फिरवतो आणि पेंढीचा बुडखा हातात धरून लोंब्यांची टोकं तेवढी तारांवर टेकवतो. काडी हातातच राहते, दाणे झडतात, तणीस अखंड मिळते. मोठ्या यंत्रात अख्खा भारा आत जातो. तिथला लोखंडी ड्रम अर्धा मीटर व्यासाचा आणि मिनिटाला ७०० फेरे घेणारा धरला, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे ६६ किलोमीटर भरतो. महामार्गावरच्या गाडीच्या वेगाने दात लोंबीवर येतो, लोंबीला हिसका बसतो, दाणा जडत्वाने जागीच राहू पाहतो आणि देठाशी असलेला बारीक सांधा तुटतो. ड्रमखालच्या अर्धगोल जाळीवर घासून उरलेले दाणेही सुटतात. फिरत्या ड्रमचं हे तत्त्व स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल या कारागिराने १७८६ मध्ये यशस्वी करून दाखवलं. यंत्राचा आकार, इंधन, रंग बदलले, गाभा तोच राहिला.

धानाच्या बाबतीत एक नाजूक अट असते. गव्हाचा दाणा मळणीत उघडा होऊन बाहेर पडतो आणि त्याच्या काडीचा भुसा झाला तरी चालतं. धानाचा दाणा काडीपासून सुटला पाहिजे, पण सोलला जाता कामा नये. टरफल गेलं की तो दाणा बियाण्याच्या कामाचा राहत नाही आणि साठवणीत लवकर खराब होतो. वेग कमी पडला तर लोंबीत दाणे राहतात, जास्त झाला तर दाणे सोलतात, फुटतात. म्हणून जाणता यंत्रवाला पहिले दोन-चार भारे घालून थांबतो. बाहेर पडलेली तणीस चाचपून पाहतो, मूठभर धान तळहातावर चोळतो आणि मगच पुली बदलायची की जाळी वर-खाली करायची ते ठरवतो.

आता ड्रमखाली काडीचे तुकडे, कोंडा, पोचट दाणे आणि भरीव दाणे यांची सरमिसळ झालेली असते. ती वेगळी होते कशी? निर्वात जागेत भरीव दाणा आणि पोचट दाणा सारख्याच वेगाने खाली पडतील. हवेत तसं घडत नाही. भरीव धान तरंगत ठेवायला खालून सेकंदाला साधारण सहा मीटरपेक्षा वेगाचा झोत लागतो. कोंडा त्याहून कितीतरी मंद झोतावर उडतो. या दोन वेगांच्या मधला वारा सोडला की कोंडा दूर जातो आणि धान खाली पडतं. सुपाने उपणणारी बाई वाऱ्याची दिशा बघून उभी राहते, तेव्हा ती हाच हिशेब करत असते. यंत्रातला पंखा तेवढा वारा स्वतः तयार करतो आणि हलत्या चाळण्या आकाराने निवड करतात. ड्रम सांध्याच्या बळावर काम करतो, चाळणी आकारावर, पंखा वजनावर. निसर्गाने ठेवलेल्या तीन फरकांवर तीन भाग उभे आहेत.

हे फरक पीक बदललं की बदलतात. धान उभं असतानाच, कापणीच्या काही दिवस आधी ओलसर बांधीत जवस किंवा लाखोळी फेकायची, ही इकडची उतेरा पद्धत. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धानानंतर उरलेल्या ओलीवरच दुसरं पीक येतं. त्यातलं जवस यंत्राची खरी परीक्षा घेतं. एका बोंडात जास्तीत जास्त दहा बिया, चपट्या आणि गुळगुळीत. हजार बिया मिळून सात-आठ ग्रॅम भरतात, म्हणजे किलोभर जवसात लाखाहून अधिक दाणे. पत्र्याच्या जोडात बारीकशी फट असली तरी जवस तिथून ओघळतं. पंखा धानासाठी लावलेल्या वेगावर राहिला, तर दाणे कोंड्याबरोबर उडून जातात. काडीत चिवट धागा असतो. याच जातीच्या झाडापासून लिनन कापड होतं. तो धागा ड्रमच्या दांड्याला गुंडाळला जातो आणि यंत्र अडतं. शिवाय बियांच्या सालीत पाणी लागताच चिकट होणारा पदार्थ असतो. म्हणून जवसाला लहान भोकांची चाळणी, मंद वारा आणि बोंडं कडक वाळलेली दुपार लागते. दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असल्याने एकेक दाणा वाचवणं मोलाचं.

मळणीतलं सगळ्यात मोठं नवल मात्र यंत्राच्या बाहेर घडतं. गिरणीत तांदळाची कणी झाली की दोष मळणी यंत्राला दिला जातो. पुष्कळदा तो दाणा आधीच तडकलेला असतो, आणि तो तडकवतं दव. दिवसा उन्हात फार वाळलेला दाणा रात्री दव शोषतो. बाहेरचा थर फुगतो, गाभा मात्र कोरडा राहतो. त्या ताणाने दाण्याला आतल्या आत आडवी भेग पडते. टरफलामुळे ती दिसत नाही; गिरणीत दाब बसला की तिथेच तुकडा पडतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाची किंमत अखंड दाण्यात असते. म्हणून कडपा किती रात्री उघड्या ठेवायच्या आणि पुंजणं कधी रचायचं, हा निर्णय यंत्राइतकाच महत्त्वाचा.

कापणी, मळणी आणि उपणणी एकाच यंत्रात आणण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनच्या हायरम मूर यांनी अशा यंत्राचं पेटंट १८३६ मध्ये घेतलं. ते घोडे ओढत. आजच्या हार्वेस्टरच्या पोटातही तोच ड्रम, त्याच चाळण्या, तोच पंखा आहे. तो तासाभरात पुष्कळ काम उरकतो आणि अवकाळी पाऊस डोक्यावर असताना पीक वाचवतो. मात्र तो उभं, ओलं धान मळतो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, त्यामुळे ते धान नंतर वाळवावं लागतं, आणि तणीस बांधीभर विखुरते. ज्यांची बांधी लहान आणि गोठ्यात जनावरं आहेत, त्यांच्यासाठी पुंजणं आणि जुनं यंत्र आजही हिशेबात बसतं.

या मळणी यंत्राने शेकडो जणांचे हात घेतले आहेत, हेही तितकंच खरं. त्यामुळेच देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. भारतीय मानकाप्रमाणे भारा घालायचा पन्हाळ किमान ९० सेंटीमीटर लांब हवा आणि त्यातला ४५ सेंटीमीटर भाग झाकलेला हवा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. यंदा मळणीच्या दिवसांत भंडाऱ्याकडे गेलात, तर यंत्राजवळ जरूर थांबा आणि पंख्यातून उडणारा कोंडा नि खाली पडणारं धान पाहा. यंत्र तुमच्या घरचं असेल, तर त्याआधी पन्हाळाची लांबी टेपने मोजा आणि ती कमी भरली तर लोहाराकडून वाढवून घ्या.