अलेक्झांड्रियाचा जुना बंब

स्नानाचें पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब पुष्कळांनीं पाहिला असेल. आगीवर धांवून जाणाऱ्या यंत्रासही आपण बंबच म्हणतों. पोर्तुगीज भाषेंत पंपास 'बोंबा' म्हणतात. त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. येथें ज्याची हकीकत आम्ही देत आहों, तो बंब नांवाप्रमाणें निव्वळ पंपच आहे. त्यास वाफेचें यंत्र नाहीं कीं तेलाचें इंजिन नाहीं. जें कांहीं बळ असे, तें माणसांच्या दंडांतलें.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत पोटोमॅक नदीच्या कांठीं अलेक्झांड्रिया हें लहानसें शहर वसलेलें आहे. तेथें १७७४ सालीं 'फ्रेंडशिप फायर कंपनी' या नांवाचें अग्निशामक स्वयंसेवकांचें पथक निघालें. त्या पथकाची १८५५ सालची दुमजली इमारत अद्याप उभी आहे. खालीं बंब, चामड्याच्या बादल्या व कुऱ्हाडी, आणि वर सभेचा दिवाणखाना, अशी तिची रचना आहे. तेथील मुख्य बंब बाल्टिमोरच्या जॉन रॉजर्स यानें १८५१ सालीं बांधला.

हातबंब चालतो कसा, हें पाहण्यासारखें आहे. चाकांच्या गाड्यावर पंपाचीं दोन नळकांडीं बसविलेलीं असतात. त्यांचे दट्टे तराजूच्या दांडीसारख्या एका तुळईस जोडलेले असून, तिच्या दोन्ही टोकांस लांब दांडे असतात. एका बाजूच्या लोकांनीं दांडा खालीं दाबला, कीं दुसऱ्या बाजूचा वर जातो. एक दट्ट्या पाणी ओढून घेतो, त्याच क्षणीं दुसरा तें बाहेर लोटतो. परंतु एवढ्यानें पाणी आचके देत निघालें असतें. म्हणून मध्यें एक बंद भांडें ठेवून त्यांत हवा कोंडलेली असते. पाणी आंत शिरलें म्हणजे हवा दबते, आणि दोन हेलकाव्यांच्या मधल्या अवकाशांतही ती पाण्यास रेटीत राहते; त्यामुळें धार तुटत नाहीं. धट्टेकट्टे गडीही थोड्याच मिनिटांत घामाघूम होत, व त्यांच्या जागीं दुसरी तुकडी तयार उभी असावी लागे. त्याहून जुन्या बंबांच्या टाकींत बादल्यांनीं पाणी ओतावें लागे. रॉजर्सचा बंब मात्र हौदांतलें पाणी नळीनें स्वतःच शोषून घेणारा आहे.

पुढें वाफेचे बंब आले, पगारी नोकर आले, आणि हातबंबाचें काम संपलें. तरी जुन्या स्वयंसेवकांच्या मंडळानें तो मोडींत घातला नाहीं. १९९२ सालीं इमारतीचें नूतनीकरण झालें, आणि आज ती नगराचें संग्रहालय आहे.

अशी वस्तु जतन करणें म्हणजे नुसती झांकून ठेवणें नव्हे. चामडें कोरड्या हवेनें तडकतें, दमट हवेनें बुरसतें. पितळ वरचेवर घांसलें तर त्यावरील अक्षरें झिजतात. उत्साही मनुष्याच्या हातीं रंगाचा डबा लागला, तर पावसापाण्यापेक्षांही अधिक नासाडी होते, असें आम्हांस वाटतें. कारागिराची मूळ नक्षी नव्या रंगाखालीं दडून जाते.

कथांचाही असाच एक रंग असतो. जॉर्ज वॉशिंग्टन हा या पथकाचा सभासद होता व त्यानें पथकास एक बंब दिला, असें पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्यास कागदोपत्रीं आधार नाहीं. शिवाय वॉशिंग्टन १७९९ सालींच वारला, तेव्हां १८५१ चा बंब त्याचा असणें शक्यच नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस वजाबाकी करूनही समजेल.

ज्या वर्षीं ही इमारत बांधली गेली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत शहरांतील किंग रस्त्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या एका दुकानास आग लागली. ती विझवितांना भिंत कोसळून सात अग्निशामक मरण पावले. वॉशिंग्टनची कथा साऱ्या गांवास पाठ होती. या सात जणांचें स्मारक शहराच्या आयव्ही हिल स्मशानभूमींत आहे.