उजनी ‘उणे’ झाली की शिडाची होडी का थांबते?

परवा पळसदेवला गेलो होतो. उजनी धरणाचं पाणी इतकं मागे सरलंय की एरवी बुडालेलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलंय. काठावर भेगाळलेला गाळ, त्यात रुतलेले शिंपले. वारा मात्र शिडासाठी हवा तसा! हात नुसते शिवशिवत होते.

पण होडी काढली नाही. कारण खोली.

वारा शिडातून होडीला पुढेच नाही, बाजूलाही ढकलतो. ते सरकणं रोखायला होडीच्या पोटातून एक उभी फळी पाण्यात सोडतात. ‘लेझर’ प्रकारच्या होडीत ती सुमारे पाऊण मीटर खाली जाते. उथळ पाण्यात ती गाळात किंवा पाण्याखालच्या जुन्या भिंतीला अडकते. वर घेतली, तर वारा जिकडून येतो त्या बाजूला पुढे जाताच येत नाही.

आणि ‘उणे’ म्हणजे धरण कोरडं नव्हे. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी जवळपास ६३ टीएमसी मृत साठा आहे. शून्य टक्के त्याच्या वरून मोजतात.

मी उघडे पडलेले बांध, भिंती, खडक यांचे फोटो काढून आणले. पाणी चढलं की तोच माझा नकाशा.

शिडाच्या होडीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. आणि पाणी जपून वापरा.