बर्फातली हवा बर्फापेक्षा तरुण असते

ध्रुवीय बर्फाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "जुन्या बर्फात तर आधी तापमान वाढलेलं दिसतं आणि कार्बन डायऑक्साइड नंतर वाढतो. मग या वायूमुळे पृथ्वी तापते, असं कसं म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावून चालणार नाही. आज आपण त्याचंच उत्तर शोधू. पण त्यासाठी आधी बर्फ वाचायला शिकावं लागेल.

पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर पडलेला बर्फ उन्हाळ्यातही वितळत नाही. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. घरातल्या रद्दीसारखंच, सगळ्यात जुना अंक तळाशी. पोकळ ड्रिलनं हा गठ्ठा वरून खाली भेदत गेलं, की हाताएवढ्या जाडीचा बर्फाचा दांडा तुकड्यातुकड्यानं वर येतो. यालाच आइस कोअर म्हणतात. व्होस्तोक या रशियन तळावरच्या अशा दांड्यातून मिळालेला 4 लाख 20 हजार वर्षांचा इतिहास 1999 साली प्रसिद्ध झाला. पुढे युरोपातल्या दहा देशांच्या 'एपिका' प्रकल्पानं डोम सी या ठिकाणी सुमारे 3,270 मीटर खोल जाऊन 8 लाख वर्षांपर्यंत मजल मारली.

आता या बर्फात तापमान कुठे लिहिलेलं असतं? पाण्याच्या साधारण 500 रेणूंमागे एका रेणूतला ऑक्सिजन थोडा जड असतो. वाफेचे ढग होताना आणि पाऊस पडताना हे जड रेणू आधी खाली येतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणात आणि घाटमाथ्यावर बरसतात आणि देशावर येईपर्यंत रिते होत जातात, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. अंटार्क्टिकाकडे निघालेल्या वाफेचंही तसंच होतं. वाटेत थंडी जितकी जास्त, तितके जड रेणू वाटेतच गळतात. म्हणून बर्फात जड रेणू कमी सापडले, तर तो काळ थंड होता असं समजायचं. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी 1950 च्या दशकात पावसाच्या पाण्यावर काम करताना ही किल्ली शोधली. पण लक्षात घ्या, हा अंदाज आहे. बर्फ तापमान थेट सांगत नाही, आपण ते रेणूंवरून ताडतो.

हवेची गोष्ट वेगळी. बर्फातल्या बुडबुड्यात त्या काळची खरीखुरी हवाच कोंडलेली असते. फ्रान्सचे क्लोद लोरियुस यांना ही कल्पना 1965 साली अंटार्क्टिकात सुचली. त्यांनी जुन्या बर्फाचे तुकडे व्हिस्कीच्या ग्लासात टाकले होते. बर्फ विरघळताना हवेचे बुडबुडे फुटत वर आले, आणि ही हवा मोजता येईल हे त्यांच्या ध्यानात आलं.

आता खरी मेख बघू. ही हवा कोंडते कधी? बर्फ पडल्या पडल्या नाही. ताजा बर्फ नव्यानं पिंजलेल्या गादीसारखा भुसभुशीत असतो, त्यातून हवा खेळत राहते. वरून भार वाढत जातो, कापूस दबावा तसा बर्फ दबतो आणि साधारण 50 ते 100 मीटर खोलीवर छिद्रं बंद होतात. तोवर बर्फ जुना झालेला असतो, आत अडकणारी हवा मात्र त्यामानानं ताजी असते. व्होस्तोकसारख्या अगदी कमी बर्फ पडणाऱ्या ठिकाणी हा फरक काही हजार वर्षांचा असतो. म्हणजे एकाच तुकड्यातलं तापमान एका काळातलं आणि हवा दुसऱ्याच काळातली!

मग आधी कोण, नंतर कोण, हे सांगायचं तर हा फरक नेमका मोजायला हवा. सुरुवातीच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइड तापमानाच्या सुमारे 800 वर्षं मागे दिसत होता. 2013 साली शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली. भुसभुशीत थरात जड नायट्रोजन गुरुत्वाकर्षणामुळे तळाशी थोडा जास्त साचतो, म्हणून बुडबुड्यातल्या जड नायट्रोजनवरून तो थर किती जाड होता हे कळतं. या पद्धतीनं शेवटच्या हिमयुगाचा अखेरचा काळ तपासला, तेव्हा अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ बरोबरीनं वाढताना दिसले. त्याआधी 2012 साली जगभरातल्या 80 ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पृथ्वीचं सरासरी तापमान या वायूच्या मागून वाढलेलं आढळलं.

मग हिमयुग संपायला सुरुवात कशानं झाली? पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलण्यातल्या संथ बदलांनी. ऊन थोडं बदललं, बर्फ आणि समुद्र हलले, समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला आणि त्यानं तापमानवाढ आणखी वाढवली, सगळ्या पृथ्वीभर पसरवली. ठिणगी एकाची, वारा दुसऱ्याचा. ठिणगी आधी पडली म्हणून वाऱ्यानं काहीच केलं नाही, असं आपण म्हणत नाही.

हे बुडबुडे विश्वासार्ह आहेत का? लॉ डोम या ठिकाणी बर्फ भरपूर पडतो, त्यामुळे तिथली हवा लवकर कोंडते. तिथल्या अलीकडच्या बुडबुड्यांतले आकडे आणि 1958 पासून थेट हवेत घेतलेली मापं एकमेकांशी जुळतात. म्हणजे साक्षीदार तपासून घेतलेला आहे.

हा साक्षीदार काय सांगतो? 8 लाख वर्षांत हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण 170 ते 300 भागांच्या दरम्यान राहिला. हिमयुग संपताना तो सुमारे 80 भागांनी वाढला, त्याला 6-7 हजार वर्षं लागली. 1958 साली तो 315 च्या आसपास होता, आज 420 च्या वर आहे. शंभराहून जास्त भागांची वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली. या खेपेला ठिणगी कक्षेची नाही. कोळसा आणि तेल आपणच जाळतो आहोत.

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचा बर्फ उणे तापमानात जपून तपासला जातो. बाहेर दमट उकाडा आणि भिंतीपलीकडे शेकडो वर्षांपूर्वीचा हिवाळा! आणि जानेवारी 2025 मध्ये युरोपीय चमू अंटार्क्टिकात 2,800 मीटर खोल खडकापर्यंत पोहोचला. तिथला बर्फ 12 लाख वर्षांहून जुना आहे. पूर्वी साधारण 41 हजार वर्षांनी येणारी हिमयुगं पुढे सुमारे लाख वर्षांनी का येऊ लागली, या कोड्याचं उत्तर त्या बुडबुड्यांत शोधलं जातंय.

पुढच्या वेळी कुणी "आधी काय वाढलं?" असं विचारलं, तर आपण उलट विचारू या: "बर्फाचं वय सांगताय की हवेचं?"