रुग्णालयीन घटनानोंद आणि कर्मचाऱ्यांचे भय

रुग्णालयात उपचार घेत असताना रुग्णास झालेली इजा, अथवा इजा होता होता टळलेला प्रसंग, यांची लेखी नोंद करणे म्हणजे घटनानोंद होय. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने १९९९ साली त्या देशातील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज वर्तविला. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. परंतु त्यानंतर अनेक देशांत नोंदपद्धतींना चालना मिळाली. तथापि फॉर्म उपलब्ध असणे आणि कर्मचाऱ्याने तो भरणे या भिन्न गोष्टी आहेत. कर्मचारी नोंद का टाळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाचा ताण, वेळेचा अभाव ही कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी असली तरी मूळ कारण भय हेच आहे, आणि ते निराधार नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेस रुग्णासाठी ‘व्हर्सेड’ हे गुंगीचे औषध हवे होते. औषधांच्या संगणकीय कपाटात तिने आद्याक्षरे टंकली. परंतु तेथे ते मिडाझोलाम या मूळ नावाने नोंदलेले असल्याने सापडले नाही. कपाटाची नेहमीची तपासणी ओलांडून तिने घेतलेली कुपी स्नायू लुळे पाडणाऱ्या व्हेक्युरोनियमची होती. रुग्ण दगावला. कुपीवरील इशारा तिने वाचला नाही, हे खरेच. पण आपली चूक तिने लगेच सांगितली होती. २०२२ साली फौजदारी न्यायालयाने तिला दोषी ठरविले व तीन वर्षे परिवीक्षेवर ठेवले. व्यापारी नाव आणि मूळ नाव यांतील घोळ मात्र तिला शिक्षा केल्याने सुटत नाही.

डेन्मार्कने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील रुग्णसुरक्षा कायदा १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यानुसार नोंद करणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र नोंद केली म्हणून मालक, आरोग्य प्रशासन वा न्यायालय त्याच्यावर कारवाई करू शकत नाही. हे संरक्षण नोंदीला आहे, कृत्याला नाही. अन्य मार्गाने माहिती मिळाल्यास चौकशी होऊ शकते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अभय म्हणजे निष्काळजीपणाला मोकळीक, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. २०११ पासून तेथे रुग्ण व नातेवाईकही नोंद करू शकतात.

अर्थात केवळ अभय पुरेसे नाही. दिलेल्या नोंदीचे पुढे काय झाले हे वॉर्डापर्यंत परत आले नाही, तर दुसरी नोंद येत नाही.

भारतात ‘एनएबीएच’च्या मानकांत घटनानोंद अपेक्षित आहे. २०१० साली सुरू झालेल्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या फॉर्मवर, माहिती देणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, असा स्पष्ट खुलासा असतो. पण हा खुलासा औषधांच्या दुष्परिणामांपुरता आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उपचार करताना असे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. त्या व्याख्येत परिचारिका येत नाहीत. औषध प्रत्यक्ष टोचणारा हात बहुधा तिचाच असतो, आणि नोंदवहीत पहिली ओळही तिनेच लिहावी, अशी अपेक्षा असते.