रस्त्यावरचे खाद्यपदार्थ व आहारविधी

‘बाहेरचे काही खाऊ नका’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा उच्चारतो आणि रुग्ण ते किती पाळतो, हे प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. पाणीपुरी, भेळ, मिसळ, वडापाव यांच्या ओढीचे कारण शास्त्रातच आहे. अम्ल, लवण व कटु हे तिन्ही रस दीपन होत. पाणीपुरीच्या पाण्यातील जिरे, हिंग, पादेलोण पाहून हिंग्वष्टकाची आठवण व्हावी! तेव्हा सरसकट निषेध शास्त्रीय नव्हे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने येथे लावून पाहावीत. मिसळीतील मटकी म्हणजे मकुष्ठ. शीत, रूक्ष, ग्राही आणि रक्तपित्तात प्रशस्त. तीच मोड आणून झणझणीत कटात बुडविली, वर फरसाण व कांदा घातला की करण आणि संयोग यांमुळे मूळ गुण पार झाकले जातात. रक्तपित्ताच्या रुग्णास मटकीचा यूष देता येतो, कोल्हापुरी कट नव्हे.

बटाटा व मिरची ही पोर्तुगीजांमार्फत आलेली द्रव्ये संहितांत नाहीत. त्यांचा विचार गुणांवरूनच करावा लागतो. वडापाव गुरू खराच, पण अधिक चिंता तळणीच्या तेलाची. वारंवार तापविलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. ती २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर हे मोजणार कोण? तेल काळपट, फेसाळ दिसल्यास पुढे जावे, एवढे रुग्णास सांगता येते.

मुंबईचा नोकरदार सायंकाळी सहाला स्थानकाबाहेर दोन वडे खातो आणि नऊला पूर्ण जेवतो. हे अध्यशन होय. ‘वडा खाल्लात तर रात्री केवळ मुगाचे कढण’ हे पथ्य तो निदान ऐकतो तरी. वर्षाऋतूतील पाणीपुरीस मात्र सवलत नाही. गर्भिणीस तर मुळीच नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

औषधालयचालकांनाही एक विनंती. असे खाणे चालू ठेवून दर आठवड्यास अविपत्तिकर चूर्ण नेणारा ग्राहक आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात निशोत्तर मोठ्या प्रमाणात असते. तिसऱ्या डबीपूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे.