हवेचा हिशेब

उन्हाळ्याच्या दिवसांत गावाच्या पारावर एक संवाद हमखास ऐकू येतो. एखादे वृद्ध गृहस्थ म्हणतात, “आमच्या लहानपणी एवढा उन्हाळा नव्हता.” त्यांचे सोबती लगेच उत्तर देतात, “उन्हाळा काय आजचा आहे? तो पूर्वीही असाच तापत असे!” दोघेही आपापल्या आठवणीशी प्रामाणिक असतात; परंतु आठवण म्हणजे मोजमाप नव्हे. एखाद्या वर्षी पाऊस अधिक पडतो, एखाद्या वर्षी तो दगा देतो. तेवढ्यावरून हवामान पालटले असे ठरविता येत नाही. रोजची हवा चंचल असते. अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढावी, तेव्हाच एखाद्या प्रदेशाचे हवामान कळते. पृथ्वी खरोखरच तापत आहे काय, आणि तापत असल्यास कशामुळे, हा वाद म्हणूनच पारावर मिटणारा नव्हता. तो मिटविण्यासाठी शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे खपावे लागले.

पृथ्वीला ऊब मिळते ती सूर्यापासून. दिवसा तापलेली जमीन ती उष्णता पुन्हा आकाशाकडे सोडून देते. सारी उष्णता अशी तत्काळ निघून गेली असती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश इतके उतरले असते. मग ती उष्णता कोण अडवून धरते? फ्रान्समधील गणिती फूरिये यांनी १८२४ साली या प्रश्नाचा विचार केला, आणि हे काम वातावरणाचे असावे असे अनुमान बांधले. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या विदुषींनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या एका नळकांड्यात साधी हवा व दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, भरून त्यांनी ती तापमापकांसह उन्हात ठेवली. कर्बवायूचे नळकांडे अधिक तापले आणि निवायलाही त्याला अधिक वेळ लागला. १८५९ साली जॉन टिंडल यांनी याहून सूक्ष्म उपकरणे वापरून दाखवून दिले, की प्राणवायू व नायट्रोजन हे जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेला वाट देतात. पाण्याची वाफ व कर्बवायू मात्र तिला अडवितात. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. वातावरणातील हे वायू म्हणजे पृथ्वीने पांघरलेली घोंगडीच होय.

मनुष्य दगडी कोळसा जाळू लागला तेव्हा ही घोंगडी जाड होऊ लागली. १८९६ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनिअस यांनी कागद-लेखणी घेऊन कित्येक महिने आकडेमोड केली. हवेतील कर्बवायू दुप्पट झाला, तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापेल, असे त्यांचे उत्तर आले. आजच्या गणिताप्रमाणे हा आकडा सुमारे ३ अंश आहे. गंमत अशी, की थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनिअस यांना ही वाढ हितकारक वाटली होती!

येथून वादाला तोंड फुटले. काही विद्वान म्हणाले, “समुद्र एवढा विशाल आहे, की तो सारा जादा वायू पिऊन टाकील.” १९०० साली ओंगस्ट्रॉम यांनी दुसरा आक्षेप घेतला. हवेत जो कर्बवायू आहे तोच अडविता येण्याजोगी उष्णता अडवीत आहे. आणखी भर पडल्याने काय बिघडणार, असा त्यांचा सवाल होता. हे आक्षेप हट्टापोटी घेतलेले नव्हते. त्या काळच्या मोजमापांवरून ते सयुक्तिकच वाटत होते. म्हणून १९३८ साली कॅलेंडर नावाच्या इंग्रज अभियंत्यांनी जगातील १४७ ठिकाणच्या नोंदी जुळवून पृथ्वी तापत असल्याचे मांडले, तेव्हाही पुष्कळ तज्ज्ञांनी शंकेने मान हलविली.

आक्षेपांना उत्तर मिळाले ते नव्या मोजमापांतून. एक घोंगडी अंगावर असताना दुसरी घेतली तर ऊब वाढतेच. तसेच वातावरणाच्या वरच्या विरळ व थंड थरांत कर्बवायू वाढला, की उष्णतेची बाहेर जाण्याची वाट तेथे अधिक अडते, असे आढळले. समुद्र वायू शोषतो खरा, पण सारा नव्हे. मनुष्याने हवेत सोडलेल्या वायूपैकी सुमारे चौथा हिस्साच तो घेतो. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. दर वर्षी झाडांना पालवी फुटली की आकडा थोडा उतरे, पानगळीनंतर पुन्हा चढे. जणू पृथ्वी श्वासोच्छ्वासच करीत होती. पण प्रत्येक वर्षाचा आकडा मागील वर्षाहून अधिक भरे. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेला होता. दक्षिण ध्रुवाकडील बर्फात प्राचीन हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. ते तपासले असता, मागील आठ लाख वर्षांत, कारखान्यांचे युग येईपर्यंत, हा आकडा ३०० च्या वर कधीच गेला नव्हता, असे दिसून आले.

“सूर्यच अधिक तापला असेल,” असेही काहींनी सुचविले. तसे असते, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापत आहे आणि बरेच वरचे थर थंड होत आहेत. घोंगडी जाड झाल्याचीच ही खूण होय. अशा रीतीने एकेक शंका तपासली गेली. २०२१ साली जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने, ही तापमानवाढ मनुष्यामुळेच झाली आहे, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला. २०२४ साल हे भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा एका अंशाने तापली, तर ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. शेतातील उभे पीक आडवे होते, नदीकाठची घरे पाण्यात जातात.

पहिला वाद मिटला तसा दुसरा उभा राहिला : आता करावे काय? एक पक्ष म्हणतो, “एका माणसाने दिवा मालवून जगाचे तापमान थोडेच उतरणार आहे!” दुसरा म्हणतो, “थेंबे थेंबे तळे साचे.” या वादातही मोजमापच उपयोगी पडते. सर्व थेंब सारखे नसतात. मोठ्या खोलीतील वातानुकूल यंत्र एक तास चालविण्यास जेवढी वीज लागते, तेवढ्या विजेवर मोबाइल फोन पन्नासाहून अधिक वेळा चार्ज होतो. फोनची काळजी करणारा मनुष्य रिकाम्या खोलीतील यंत्र चालू ठेवील, तर त्याचा हिशेब चुकला असेच म्हणावे लागेल.

पेट्रोलचा हिशेब याहून नवलाचा आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम असते; पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बवायू तयार होतो. कारण पेट्रोलमधील कर्बाला हवेतील प्राणवायू येऊन मिळतो. समजा, ४० माणसांना १६ किलोमीटर दूर जावयाचे आहे. प्रत्येकजण आपापल्या मोटारीने निघाला आणि प्रत्येक मोटारीला एक लिटर इंधन लागले, तर ४० लिटर जळेल. तीच माणसे लिटरला ४ किलोमीटर चालणाऱ्या एका एस.टी. गाडीत बसली, तर ४ लिटरांत काम भागेल. मात्र त्यासाठी गाडी वेळेवर आली पाहिजे. ज्या गावाला दिवसातून एकच गाडी येते, त्या गावच्या लोकांना गाडीनेच प्रवास करा असे सांगणे व्यर्थ होय. तेथे दोष माणसांच्या निवडीचा नसतो, सोयीच्या अभावाचा असतो.

घरची निवड आणि सरकारी व्यवस्था यांची सांगड पडली म्हणजे काय होते, हे दिव्यांच्या उदाहरणावरून दिसते. जुना ६० वॅटचा दिवा रोज ५ तास लावला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खर्च होते. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा १७ युनिटांहून कमी विजेत भागवितो. हे दिवे प्रारंभी महाग होते. गरिबांनी ते घ्यावे तरी कसे? २०१५ साली भारत सरकारने ते एकदम मोठ्या संख्येने खरेदी करून स्वस्तात देण्याची योजना सुरू केली. पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे लोकांच्या घरी पोहोचले. सरकारने दिवे स्वस्त केले नसते, तर इतक्या लोकांनी ते घेतले नसते. आणि लोकांनी ते घेतले नसते, तर योजना कागदावरच राहिली असती.

या हिशेबात न्यायही पाहावा लागतो. भारतातील एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २ टन कर्बवायू येतो. अमेरिकेतील माणसाच्या वाट्याला त्याच्या सहापटींहून अधिक येतो. एकाच देशातही हा फरक असतो. ज्या झोपडीत एकच दिवा जळतो, तिला काटकसरीचा उपदेश करणे शोभत नाही. ज्याच्या दारी दोन मोटारी उभ्या आहेत, त्याने प्रथम आपला हिशेब तपासावा.

फूट, टिंडल आणि कीलिंग यांच्याप्रमाणेच आक्षेप घेणाऱ्या ओंगस्ट्रॉम यांचाही या शोधाला हातभार लागला. कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्ञान अधिक पक्के झाले. वाद करणे वाईट नाही. मात्र वाद करणाऱ्याने दुसऱ्याचा आवाज दाबण्याऐवजी “किती?” हा प्रश्न विचारावा, उत्तर मोजून पाहावे, आणि उत्तर हाती आल्यावर आपले मत व आपली सवय दोन्ही बदलण्याची तयारी ठेवावी. हवेला कुंपण नाही. एका घरच्या धुराचा हिशेब सर्वांच्या नावे मांडला जातो, आणि एका घरच्या काटकसरीचा लाभही सर्वांच्याच वाट्याला येतो.