जुनी पिकअप घेतांना : मीटर वाचावा कीं एंजिन?

हल्लीं आमच्या पुरंदर तालुक्यांत शेतमाल बाजारांत नेण्याच्या कामांतून बैलगाडी जवळजवळ नाहींशी झाली असून तिची जागा पिकअप गाडीनें घेतली आहे. २००५ सालीं टाटांची ‘एस’ ही लहान गाडी निघाली व लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ असें नांव दिलें; तेव्हांपासून लहान शेतकऱ्यासहि स्वतःची मालगाडी असावी असें वाटूं लागलें. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें, म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु जुनी गाडी घेतात. आणि ती घेतांना पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, ‘गाडी किती चालली आहे?’ हा प्रश्न चुकीचा नाहीं. परंतु केवळ त्याच्या उत्तरावर सौदा करणें चुकीचें आहे. ही गोष्ट आम्ही पदरचे पैसे घालून शिकलों. ती इतरांस फुकट शिकतां यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्हीं व आमच्या धाकट्या बंधूंनीं मिळून तीन वर्षांपूर्वीं एका दलालामार्फत आठ वर्षांची पिकअप ३,४०,००० रुपयांस घेतली. त्यांपैकीं दोन लाख रुपये पतसंस्थेचें कर्ज होतें. मीटरवर ९२,००० किलोमीटर, रंग ताजा, एंजिन धुऊन पुसून लखलखीत केलेलें. गाडी पाहावयास गेलों तेव्हां ती आधींच चालूं करून ठेविली होती. त्याचें आम्हांस कौतुकच वाटलें. पुढें एप्रिल महिन्यांत, मीठा बहाराचें अंजीर ऐन भरांत असतां, बंधु मार्केट यार्डांत माल उतरवून व परतीस खताच्या गोण्या भरून दिवे घाट चढत होते. अर्ध्या घाटांत उष्णतेचा कांटा लाल खुणेवर गेला, रेडिएटरांतून वाफ उसळली आणि गाडी जागच्या जागीं बसली. अंजीर हें फळ एक दिवसहि वाट पाहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे तोडलेल्या मालास वेळेवर भाड्याची गाडी मिळाली नाहीं, व ऐन भावाचा माल मातीमोल गेला. एंजिन उघडलें तों हेड वांकलेलें, गॅस्केट जळालेलें आणि रिंगा व लायनर झिजून गेलेले. दुरुस्तीस ८६,००० रुपये पडले. मिस्त्री म्हणाले, ‘दादा, हें ९२ हजारांचें एंजिन नव्हे. आंकडा फिरविला असेल, नाहीं तर गाडी पाण्यावांचून व तेलावांचून मारली असेल.’

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आणि बांधावर उभें राहून केलेली पाहणी यांतील अंतर आम्हांस चांगलें ठाऊक होतें. असें असतांहि गाडीच्या बाबतींत आम्हीं लिहिलेला आंकडा खरा मानिला व बांधावर गेलों नाहीं. ती पाहणी कशी करावी, हें पुढें त्याच मिस्त्रींजवळ बसून आम्हीं समजून घेतलें.

प्रथम आंकडा ताडून पाहावा. त्यास साधा भागाकार पुरे. सासवडाहून मार्केट यार्ड सुमारें ३० किलोमीटर. जाऊन येऊन ६०. वर्षांतून ३०० खेपा धरल्या तर १८,००० किलोमीटर होतात, व आठ वर्षांत १,४४,०००. आमच्या गाडीच्या ९२,००० ला २,४०० दिवसांनीं भागिलें तर दिवसाकांठीं ३८ किलोमीटर पडतात. भाड्यानें धांवणारी गाडी आठ वर्षें रोज इतकीच चालली असेल, हें संभवत नाहीं. तो भागाकार आम्हीं सौद्यापूर्वीं केला असता तर! याखेरीज इतर साक्षीदार असतातच. क्लच व ब्रेक यांच्या पेडलांचें रबर, स्टिअरिंगची पकड व चालकाची बैठक पाहावी. तीं गुळगुळीत होऊन मीटर मात्र तरुण असेल तर मीटर खोटें बोलतो. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. थोड्याच किलोमीटरांत चारहि टायर बदललेले दिसले तर कारण विचारावें. कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांत गाडी जात असल्यास चासी क्रमांकावरून मागील नोंदी निघतात. त्या विकणाऱ्यास काढावयास लावाव्या.

आतां एंजिनाची पाहणी. गाडी सकाळीं पाहावयास जावें, व आम्ही येण्यापूर्वीं ती चालूं करूं नये असें आधीं सांगून ठेवावें. गेल्याबरोबर बॉनेट उघडून एंजिनास हात लावावा. तें कोमट लागल्यास वाद न घालतां परत यावें व दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. गरम एंजिन आपले पुष्कळ दोष झांकतें. थंड एंजिनास तें साधत नाहीं.

एंजिन थंड असतांच रेडिएटरचें झांकण काढावें. (गरम असतां तें कधींहि उघडूं नये, उकळतें पाणी तोंडावर येतें.) आंत रंगीत कूलंट असल्यास मालक काळजीचा समजावा. गंजानें तांबूस झालेलें साधें पाणी असेल तर रेडिएटर व हेड यांच्या आंतील वाटा बुजत चालल्या आहेत असें धरावें. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर सौदा तेथेंच थांबवावा. नंतर तेलाची पट्टी काढावी. डिझेल एंजिनांतील तेल काळें असतें. तो दोष नव्हे. तें दुधट दिसलें तर त्यांत पाणी मिसळत आहे. पातळी वरच्या खुणेच्याहि वर असून डिझेलचा वास आला तर इंधन तेलांत उतरत आहे. तेल अगदीं नवें व नेहमींपेक्षां दाट वाटल्यास तें आवाज दाबण्याकरितां कालच घातलें असण्याचा संभव असतो.

मग एंजिन चालूं करावें. स्टार्टर फार वेळ फिरवावा लागणें हें बॅटरी, ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकीं कशाची तरी तक्रार सुचवितें. रेडिएटरचें झांकण उघडेंच ठेवून पाण्याकडे पाहावें. सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटमधून दाब पाण्यांत शिरत आहे. आमच्या गाडींत हाच रोग होता, व तो ओळखण्यास पांच मिनिटें पुरलीं असतीं. धुराचा रंगहि बोलका असतो. थंडीच्या दिवसांत आरंभीं थोडी पांढरी वाफ येते व जाते. ती गेली नाहीं व तिला गोडसर वास असला तर पाणी जळत आहे. निळा धूर म्हणजे एंजिन तेल खातें. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी. हा दोष हवेच्या गाळणीचा असला तर स्वस्तांत सुटतो, इंजेक्टरांचा किंवा टर्बोचा असला तर महागांत.

यानंतर तेल भरावयाच्या तोंडाचें झांकण सैल करून तसेंच वर ठेवावें. तें जरासें थरथरतें, तें चालावयाचें. पण आंतून भस्‌भस् धूर येऊन झांकण उडूं लागलें तर, मिस्त्री ज्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तो दोष समजावा. म्हणजे रिंगा व लायनर झिजल्यामुळें वरचा दाब खालीं उतरत आहे. शंका राहिल्यास मिस्त्रीकडून चारहि सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मापकानें मोजून घ्यावें. आंकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एक फार खालीं असेल तर त्या सिलिंडरांत झीज, फुटलेली रिंग किंवा गळका व्हॉल्व्ह असतो. मोजणीस खर्च येतो, पण एंजिन बांधण्याच्या मानानें तो कांहींच नाहीं.

रिकामी गाडी कोणाचीहि पळते. म्हणून हौद्यांत कायद्यानें चालेल इतकें वजन घालून ती अर्धा तास चढणीवर चालवावी. कांटा मध्यावर स्थिर राहतो कीं काय, क्लच घसरतो कीं काय व जोर देतांना खालून जड ठोका ऐकूं येतो कीं काय, हें पाहावें. खालचा ठोका बेअरिंगचा असतो, व तो परवडत नाहीं. परत आल्यावर गरम एंजिन मंद चालूं ठेवावें. तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकूं लागला तर तेलपंप किंवा बेअरिंगें थकलीं आहेत.

कमी चाललेली गाडी तेवढी चांगली, हा समज नव्या गाड्यांच्या बाबतींत तर विशेष फसवा आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस. सहा मानकाच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत बहुधा काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जळून जाण्यास नळी चांगली तापावी लागते. गांवांतल्या गांवांत थोडी थोडी चाललेल्या गाडीची गाळणी तुंबते. हमरस्त्यानें लांब पल्ला मारणारीची सहसा तुंबत नाहीं.

कागदपत्रांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जमीन घेतांना जसा सातबाराच्या इतर हक्कांत बोजा पाहतात, तसा नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा आहे काय, तें पाहावें. असल्यास नमुना ३५ व बँकेचा दाखला घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. एंजिन व चासी यांचे क्रमांक कागदाशीं स्वतः ताडावे. पासिंग, विमा, कर व थकलेले दंड पाहावे. नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्या. एकाच राज्यांतील व्यवहार असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें विकणारानें १४ दिवसांच्या आंत व घेणारानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. खरेदी झाली पण फेरफार नाहीं, अशा जमिनीचीं भांडणें आम्हीं जन्मभर पाहिलीं. गाडीचीं तशी होऊं देऊं नयेत.

आमची ती पहिली गाडी आम्हीं दुरुस्त करून वर्षभर वापरली व मग विकली. विकतांना दुरुस्तीचीं सर्व बिलें घेणाऱ्याच्या हातांत दिलीं व मीटरवर आमचा विश्वास नाहीं हेंहि सांगितलें. किंमत थोडी कमी आली. त्याची खंत नाहीं. दुसरी गाडी घेतली ती दुधाच्या खेपा करणाऱ्या एका गृहस्थाची. तिच्या मीटरवर २,६८,००० किलोमीटर पाहून बंधु मागें सरले. परंतु त्या गृहस्थांजवळ एक वही होती. दर दहा हजार किलोमीटरांस तेल व गाळणी, कूलंट केव्हां बदललें, क्लच केव्हां घातला, हें तारीखवार लिहिलेलें, व प्रत्येक नोंदीस बिल जोडलेलें. तरीहि आम्हीं वर सांगितलेली पाहणी सोडली नाहीं. मिस्त्रीस सोबत नेलें व गाडी भरून दिवे घाट चढविली. कांटा हलला नाहीं. आज ती आमच्याकडे ४१,००० किलोमीटर चालली असून तिनें अंजिराचा एकहि दिवस बुडविला नाहीं.

तात्पर्य, एंजिन किती चाललें यापेक्षां तें कसें चालविलें हें महत्त्वाचें, व त्याचा पुरावा मीटरवर नसून वहींत व एंजिनांत असतो. शेतकरी बंधूंस आमची विनंति इतकीच कीं, थंड एंजिन पाहिल्याशिवाय इसार देऊं नये, मिस्त्रीची मजुरी वांचवूं नये, किंमत ठरवितांना पहिल्या वर्षाची दुरुस्ती तींतच धरावी, आणि गाडी घरीं आणली त्या दिवसापासून आपणहि एक वही घालावी. पुढें ती गाडी दुसऱ्या कोणा शेतकऱ्याकडे जाईल, तेव्हां ती वही त्याच्याहि उपयोगीं पडेल.